डी अँड डीचं नवं प्लेयर्स हँडबुक, फक्त भाषा आणि लिपीच्या अंगानं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एक कॅरेक्टर घेऊन आणि डाइस टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि प्लेयर्स हँडबुक हे त्याचं नियमांचं मुख्य पुस्तक. त्याचं २०२४ चं हँडबुक आलं तेव्हा सगळी चर्चा झाली ती क्लासेसची (म्हणजे कॅरेक्टरच्या पेशांची), शस्त्रांसाठीच्या नव्या वेपन मास्टरीची, कुठल्या स्पेलमध्ये (मंत्रात) काय बदललं त्याची, आणि ते साहजिकच आहे कारण टेबलवर बसल्यावर बहुतेकांचा वेळ त्यातच जातो. मला मात्र या पुस्तकात एकच गोष्ट नीट तपासायची होती, भाषा. या जगात कोण काय बोलतं, कोणाला लिहिता-वाचता येतं, कोणाची लिपी कोणी उचलली. त्यामुळे हा रिव्ह्यू अख्ख्या पुस्तकाचा नाहीये, तेवढ्याच भागाचा आहे. आणि ३८४ पानांच्या या देखण्या पुस्तकात त्या भागाच्या वाट्याला आलंय काय, तर दोन छोटी टेबलं आणि त्यांच्या आजूबाजूला थोडासा मजकूर.

नियम एकदम सोपा आहे. तुमच्या कॅरेक्टरला कमीत कमी तीन भाषा येतात, एक कॉमन, ती सगळ्यांनाच येते, आणि बाकीच्या दोन स्टँडर्ड टेबलमधून तुम्ही निवडायच्या किंवा डाइस टाकून ठरवायच्या. एल्विश, ड्वार्व्हिश, जायंट, नोमिश, गोब्लिन, हाफलिंग, ऑर्क, ड्रॅकॉनिक वगैरे, बहुतेक त्या जगातल्या एकेका वंशाच्या, म्हणजे एल्फांची एल्विश, ड्वार्फांची ड्वार्व्हिश. दुसरं टेबल दुर्मिळ भाषांचं, त्यात अ‍ॅबिसल, इन्फर्नल, सेलेस्टियल, प्रायमॉर्डियल, सिल्व्हन, डीप स्पीच, अंडरकॉमन, आणि त्यांच्याबरोबरच ड्रुइडिक आणि थीव्ज कँट, म्हणजे चोरांची गुप्त बोली. भाषा येते म्हणजे काय? तर बोलता येते, वाचता येते आणि लिहिता येते. तिन्ही एकदम, पूर्ण. अर्धवट असं काही नाहीच.

आधी जे आवडलं ते मनापासून सांगते. कॉमन साइन लँग्वेज आता थेट स्टँडर्ड टेबलमध्ये आहे, कोपऱ्यात कुठेतरी ऑप्शनल नियम म्हणून नाही तर ड्वार्व्हिशच्या बरोबरीनं, आणि हे फार आधी व्हायला हवं होतं. ऐकू न येणारं कॅरेक्टर खेळणाऱ्याला आता डीएमकडे (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे) परवानगी मागत बसावं लागत नाही. शिवाय खेळात तिचा उपयोगही जबरदस्त आहे, पहारेकऱ्यांच्या नाकासमोर आवाज न करता बोलता येतं, धबधब्याच्या शेजारी बोलता येतं, सायलेन्स स्पेलच्या आत बोलता येतं. भाषा समजून घ्यायच्या स्पेल्सच्या मजकुरातही आता ऐकलेल्या भाषेबरोबर खुणांची भाषा धरलीये. असं सगळीकडे नीट लक्ष ठेवून केलेलं काम दिसलं की बरं वाटतं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे भाषा आता वंशाला चिकटलेली नाही. आधीच्या, २०१४ च्या पुस्तकात ड्वार्फ म्हणजे ड्वार्व्हिश येणारच, एल्फ म्हणजे एल्विश येणारच. आता माणसांच्या बंदरात वाढलेल्या एल्फला एल्विशचा गंधही नसू शकतो, आणि ड्वार्फांच्या भट्टीवर लहानपणापासून राबलेल्या माणसाला अस्सल ड्वार्व्हिश येऊ शकते. आई-बापाचं रक्त कोणतं यापेक्षा कुठं वाढलात त्यावर जीभ ठरते हे खरंच आहे आणि नियमानं ते मान्य केलं हे चांगलं झालं.

आणि तिसरी, थोडी बारीक गोष्ट. टेबलमध्ये प्रत्येक भाषेचं मूळ दिलंय आणि कॉमनचं मूळ म्हणून लिहिलंय सिजिल. सिजिल म्हणजे डी अँड डीच्या विश्वातलं दारांचं शहर, जिथून कुठल्याही जगात जाता येतं आणि जिथं देवदूतापासून राक्षसापर्यंत सगळे सौदा करायला येतात. एका शब्दात कॉमनला इतिहास मिळाला! म्हणजे ती कुठल्या राजाची भाषा नाही, ती बाजाराची भाषा आहे, कोणाचीच मायबोली नसलेली आणि सगळ्यांच्या कामाची. खऱ्या जगात असं झालेलं आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इजिप्तचे फॅरो शेजारच्या राजांशी पत्रव्यवहार करायचे तो अक्कादी भाषेत, अमार्नाला सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर ते आजही वाचता येतं. इजिप्तमध्ये अक्कादी घरात कोणी बोलत नव्हतं आणि आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाच्या घरातही नाही, पण दोन दरबारांमधली भाषा तीच. अशी भाषा लागते कोणाला, तर वकिलाला, व्यापाऱ्याला, लेखनिकाला. डोंगरातल्या मेंढपाळाला ती यायचं काही कारणच नाही. पुस्तकानं मात्र सिजिल असं लिहून लगेच पुढे कॉमन सगळ्यांना वाटून टाकली, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते.

कारण सगळ्यांना कॉमन येत असेल तर बाकीच्या अठरा भाषा करायच्या काय? प्रत्यक्ष टेबलवर काय होतं ते खेळणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. कॅरेक्टर बनवताना पाच मिनिटं विचार करून गोब्लिन नाहीतर ड्रॅकॉनिक निवडायची, शीटवर लिहायची, आणि मग सेशनमागून सेशन जातात तरी तिच्याकडे बघायची वेळ येत नाही. गावात गेलं, सगळे कॉमन बोलतात. शत्रूला पकडलं, तोही कॉमन बोलतो. हजार वर्षं जुन्या थडग्यात गेलं की तेवढ्यापुरतं डीएम विचारतो, कोणाला अमुक येतं का, आणि चार-पाच जणांच्या पार्टीत (एकत्र फिरणाऱ्या कॅरेक्टर्सच्या टोळीत) मिळून दहाएक भाषा असतातच त्यामुळे कोणाला तरी येतंच. भाषा आली की सगळं आलं आणि नाही आली की काहीच नाही, मधलं काहीच नाही, म्हणून त्यात नाट्यही नाही.

आता लिपीकडे येते, कारण माझ्या मते या पुस्तकानं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान तिथं आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलतच नाहीये.

२०१४ च्या हँडबुकमध्ये भाषांच्या टेबलला तीन कॉलम होते, भाषा, ती कोण बोलतं, आणि लिपी. तो तिसरा कॉलम म्हणजे खजिना होता. ड्वार्व्हिश लिपीत कोणकोणत्या भाषा लिहिल्या जातात बघा, ड्वार्व्हिश, जायंट, नोमिश, गोब्लिन, ऑर्क आणि वर प्रायमॉर्डियल. सहा भाषा, एक लिपी. एल्विश लिपीत एल्विश, सिल्व्हन आणि अंडरकॉमन. अ‍ॅबिसल भाषेला स्वतःची लिपी नाही, ती इन्फर्नल लिपीत लिहितात. आणि डीप स्पीचच्या पुढे नुसती रेघ, म्हणजे लिपीच नाही.

त्या एका कॉलममध्ये किती कथा दडल्यात याचा विचार करा. ऑर्क आणि ड्वार्फ यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर, पण ऑर्कना अक्षरं मिळाली ती ड्वार्फांकडून. कशी? युद्धकैद्यांकडून? खाणीत मजूर म्हणून राबताना? की मध्ये कधीतरी शंभर वर्षांची शांतता होती जी आता दोन्ही बाजूंना आठवायची नाहीये? ड्रो नावाचे एल्फ जमिनीखाली गेले, वर उन्हातल्या एल्फांशी नातं तोडलं, पण खाली जी अंडरकॉमन ही बाजारभाषा झाली ती अजून एल्विश अक्षरांतच लिहिली जाते, म्हणजे तोडून तोडून काय तुटलं आणि काय नाही ते तिथंच दिसतं. अ‍ॅबिसल बोलणारे डेमन आणि इन्फर्नल बोलणारे डेव्हिल एकमेकांचे हाडवैरी, तरी अराजक माजवणाऱ्या डेमनना काही लिहून ठेवायचं असेल तर कायदा-करार पाळणाऱ्या डेव्हिल लोकांचीच अक्षरं वापरावी लागतात. आणि हे सगळं पटण्यासारखं आहे कारण लिप्या अशाच पसरतात, क्यूनिफॉर्म, म्हणजे मातीच्या पाट्यांवरची पाचरीच्या आकाराच्या खुणांची लिपी, सुमेरियन भाषेसाठी वापरात होती, मग अक्कादी त्याच खुणांनी लिहिली गेली, मग हित्ती, आणि या तीन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. भाषा वेगळी, कूळ वेगळं, अक्षर तेच.

२०२४ च्या टेबलमधून हा लिपीचा कॉलम काढून टाकलाय. गेला. त्याच्या जागी मूळ आलं, पण सिजिलसारखे अपवाद सोडले तर ते मूळ बहुतेक ठिकाणी म्हणजे ड्वार्व्हिश कोणाची तर ड्वार्फांची, एल्विश कोणाची तर एल्फांची, असं आहे, यातून नवीन काय कळलं? जुन्या पुस्तकात ड्वार्व्हिश, एल्विश आणि ड्रॅकॉनिक अक्षरांचे तक्ते पण छापले होते. ते तक्ते म्हणजे इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षरासमोर एकेक खूण, त्यामुळे खरी लिपी म्हणून बघितलं तर कच्चेच, कारण सहा वेगवेगळ्या भाषांचे आवाज बरोब्बर सव्वीस खुणांत कसे मावतील. पण तरी प्लेयर त्यात चिठ्ठ्या लिहायचे, डीएम हँडआउट बनवायचे, कागदावर अक्षर दिसायचं. नवीन माणसाला या छंदाची गोडी लागायला तेवढं पुरायचं.

लिपी वेगळी धरली की खेळात काय होतं त्याचा एक प्रसंग सांगते. आमच्या कॅम्पेनमध्ये मी डीएम आहे आणि आमच्याकडे भाषा बोलता येणं आणि लिपी वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी धरतो. पार्टी एका पडक्या खाणीत शिरली होती, गोब्लिनांना हाकलायचं काम घेऊन. भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं. ड्वार्फ क्लेरिकला (क्लेरिक म्हणजे पुजाऱ्याचा क्लास) गोब्लिन भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षरं तर त्याच्याच घरची. हाफलिंग रोग (रोग म्हणजे चोर-भामट्याचा क्लास) गोब्लिन वस्तीच्या शेजारी लहानाची मोठी झालेली, भाषा फाडफाड बोलणारी, पण अक्षरओळख शून्य. मग काय, ड्वार्फ एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचतोय, सगळे आघात चुकीचे, आणि ही कान देऊन ऐकतेय, परत म्हण, शेवटचं परत म्हण, नाही तसं नाही, असं असेल ते. बराच वेळ खटपट केल्यावर कळलं की खालच्या मजल्यात पाणी शिरलंय म्हणून पोरांना वरच्या बोगद्यात हलवलंय, मागून येणाऱ्यांनी तिकडे यावं. लढायला आलेली पार्टी तिथंच थांबली आणि पुढचं अख्खं सेशन वाटाघाटीत गेलं, त्या वाटाघाटी पण परत एकटी हाफलिंगच करणार कारण बोलता तिलाच येतं, आणि ड्वार्फ मागे उभा राहून ती काय कबूल करून बसतेय या काळजीत. नव्या पुस्तकाच्या नियमानं हेच कसं झालं असतं? कोणाला गोब्लिन येतं, मला, ठीक आहे, असं असं लिहिलंय. एका वाक्यात संपलं असतं.

आता साक्षरता. हँडबुक गृहीत धरतं की प्रत्येक जण वाचू शकतो, शेतकरी, शिकारी, डोंगरातला बार्बेरियन, सगळे. ग्रंथालयं आहेत, जाहिरातफलकावर कामांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत आणि त्या सगळ्यांना वाचता येतात. छापखाना नसलेल्या जगात, जिथं पुस्तक हातानं लिहून काढावं लागतं तिथं हे कसं झालं? कोणी शिकवलं यांना? याचं उत्तर द्यायला हरकत नाही, एखाद्या देवळानं गावोगाव शाळा काढल्या असतील, तेही छान जग होईल, पण उत्तर तरी द्या.

याच खेळाच्या जुन्या आवृत्त्यांना हा प्रश्न पडलेला होता. १९८१ च्या बेसिक नियमांत इंटेलिजन्सचा आकडा फारच कमी आला तर कॅरेक्टरला लिहिता-वाचता येत नसे, त्याहून थोडा बरा आला तर साधे शब्द लिहिता येत, म्हणजे साक्षरता बुद्धीला जोडलेली. मला हे अजिबात पटत नाही, अक्षर न येणारा माणूस अडाणी असतो हा समज त्यामागे आहे आणि तो सरळ चूक आहे, हजारो ओळी तोंडपाठ असलेले गायक जगभर होऊन गेलेत. मग २००० साली तिसऱ्या आवृत्तीत बार्बेरियन तेवढा निरक्षर, त्याला दोन स्किल पॉइंट खर्चून वाचायला शिकावं लागे, बाकी सगळे क्लास आपोआप साक्षर. हेही अर्धवटच, एका क्लासच्या कपाळावर शिक्का मारल्यासारखं. पण निदान टेबलवर तो विषय निघायचा, बार्बेरियननं अक्षरं शिकायचं ठरवलं की त्याला कोण शिकवणार यावरून विझार्डबरोबर त्याचं नातं तयार व्हायचं.

सगळ्यात धारदार काम मात्र १९९१ च्या डार्क सन सेटिंगनं केलं. अथास नावाचं वाळवंटी जग, शहरांवर जादूगार-राजांची सत्ता, आणि तिथं सामान्य माणसानं लिहायला-वाचायला शिकणं हाच गुन्हा. परवानगी फक्त सरदार लोकांना आणि राजाच्या टेंप्लर अधिकाऱ्यांना. म्हणजे साक्षरता हा आकडा नाही, बुद्धीही नाही, ती सत्ता आहे. या एका नियमानं किती गोष्टी उभ्या राहतात पहा, गुलामांच्या वस्तीत चोरून अक्षरं शिकवणारी म्हातारी, मुद्दाम अडखळत बोलणारा सुशिक्षित फरारी, झडतीत सापडलेली एक पाटी. तुमच्या विझार्डकडे स्पेलबुक आहे? म्हणजे तो दोन कारणांनी गुन्हेगार आहे, तिथं जादूही निषिद्ध आणि अक्षरही. इतकं सगळं याच खेळाच्या घरात पडलेलं असताना २०२४ च्या मूळ पुस्तकात साक्षरतेवर एक चौकटभरही मजकूर नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरे खेळ काय करतात ते थोडक्यात. गर्प्सच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक भाषेला पायऱ्या आहेत, येत नाही, तुटकी येते, परकं वळण असलेली येते, मातृभाषेसारखी येते, आणि बोलण्याची पायरी वेगळी, लिहिण्याची वेगळी, मला तर हीच पद्धत सगळ्यात समंजस वाटते. वॉरहॅमर फँटसीच्या २०१८ च्या आवृत्तीत लिहिता-वाचता येणं हे टॅलेंट आहे, ते नसेल तर हातातलं वॉरंट कोणाकडून तरी वाचून घ्या. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत कॉमन ही प्रदेशाप्रमाणे बदलते, इनर सीच्या भागात टाल्डेन म्हणजे कॉमन, तिआन शियामध्ये गेलात की तिएन म्हणजे कॉमन, एवढ्या छोट्या बदलानं लांबच्या प्रवासाला अर्थ येतो.

आणि रूनक्वेस्ट. त्याच्या ग्लोरांथा जगात बोलणं हे वेगळं स्किल, लिहिणं-वाचणं वेगळं, दोन्ही टक्क्यांत मोजायचं, आणि त्या जगात विद्येचा देव आहे ल्हँकर माय, ज्याचे पुजारी दाढी राखतात आणि पंथातल्या बायका खोटी दाढी लावतात, कारण ती विद्येची खूण. वाचायचं काम पडलं की जायचं त्यांच्याकडे. ट्रेडटॉक ही व्यापारभाषा पसरवली ती व्यापाराच्या देवाच्या, इस्सारीसच्या, लोकांनी. बघा, भाषा कुठून आली, कोणी पसरवली, कोण जपतं हे सगळं त्या जगाच्या धर्मात आणि बाजारात बसवलंय, टेबल वेगळं पाठ करावं लागत नाही.

डी अँड डीकडे परत येते. भाषेच्या अडचणीवर खेळानं दिलेली औषधं म्हणजे दोन स्पेल्स, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस आणि टंग्ज. पहिली पहिल्याच लेव्हलची, रिच्युअल म्हणून दहा मिनिटं जास्त देऊन स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) न खर्चता टाकता येते, तासभर टिकते, साहित्य काय तर चिमूटभर काजळी आणि मीठ. भाषेची अडचण मारून टाकते म्हणून या स्पेलला शिव्या पडतात, पण मला वाटतं दोष स्पेलचा नाहीये, तिच्या अटी लोक वाचत नाहीत. लिहिलेलं वाचायचं तर त्या पृष्ठभागाला हात लावावा लागतो, म्हणजे दरीपलीकडच्या कमानीवरचा लेख वाचता येणार नाही, सापळा लावलेल्या दारावरचा वाचायचा तर दाराला हात लावायला लागणार. एक पान वाचायला साधारण मिनिट, म्हणजे पाठलाग सुरू असताना वही चाळता येत नाही. सांकेतिक लिपी उलगडत नाही. ऐकलेलं समजतं पण बोलता येत नाही. आणि मुख्य म्हणजे कळतो तो शब्दशः अर्थ. वाक्प्रचार, टोमणा, शिवी, नवस, यातलं काही पोचत नाही, कोरडे शब्द तेवढे येतात. डीएमनं एवढंच नीट पाळलं तरी ती पहिल्या लेव्हलची स्पेल बरोब्बर पहिल्या लेव्हलइतकीच मदत करते. टंग्ज तिसऱ्या लेव्हलची, तिला मातीचा किंवा कसला तरी छोटा झिगुरात (मेसोपोटेमियातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्याची प्रतिकृती) लागतो, आणि ती संवाद पूर्ण खुला करते, पण बोलण्या-ऐकण्यापुरता आणि खुणांच्या भाषेपुरता, वाचण्याला तिचा उपयोग नाही. या दोन्ही स्पेल्स नव्या पुस्तकात चांगल्या लिहिल्यात, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

भाषा शिकायची असेल तर? २०१४ च्या हँडबुकमध्ये २५० दिवस शिका, रोज एक सोन्याचं नाणं द्या. २०१७ च्या झॅनाथार्स गाइड या पुरवणी पुस्तकात ते झालं दहा वर्कवीक, इंटेलिजन्स चांगलं असेल तर त्याहून कमी, आणि आठवड्याला २५ नाणी. दोन्हीकडे पूर्ण फी २५० च, पण वेळ पार बदलला. मला जुना आकडा खरा वाटतो आणि नवा खेळायला सोपा वाटतो, पण दोन्हीत तीच जुनी भानगड, शेवटच्या दिवसापर्यंत शून्य आणि मग अचानक शंभर टक्के. मधल्या काळात मोडकंतोडकं बोलत गोंधळ घालायची सगळी मजा वाया.

आणि बोलीभाषा! अख्ख्या टेबलमध्ये बोली दिल्यात त्या फक्त प्रायमॉर्डियलच्या, ऑरन, अक्वन, इग्नन आणि टेरन, वारा-पाणी-आग-माती, आणि एक बोली येणाऱ्याला बाकीच्या तिन्ही कळतात असा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण मग एल्विश सगळीकडे एकसारखी? समुद्राच्या दोन टोकांच्या ड्वार्फांची ड्वार्व्हिश एकच? वेळेचा तर विचारच नाहीये. एल्फ साडेसातशे वर्षं जगतात असं हेच पुस्तक सांगतं. माणसाच्या पंचवीस वर्षांना एक पिढी धरलं तर तेवढ्यात तीस पिढ्या होतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कॉमन शिकलेला एल्फ आज गावात आला तर तो बोलेल ती भाषा गावकऱ्यांच्या खापरपणजोबांनाही जुनी वाटली असती, त्याला शब्द कळतील, विनोद नाही कळणार, आणि त्यानं आदरानं मारलेली हाक आजच्या कानाला अपमान वाटू शकते. उलट एल्विश शेकडो वर्षं जवळपास हललेलीच नसणार, कारण ती तशीच बोलणारी पणजी अजून जिवंत आहे आणि नातवंडांना टोकते आहे. हे काही कोणी बाहेरून आणायचं नाहीये, पुस्तकातल्याच आकड्यांतून निघतंय, आणि लेखकांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर प्रत्येक एल्फ प्लेयरला बोलायची एक तऱ्हा मिळाली असती.

थीव्ज कँटचं पण तसंच झालंय. २०१४ मध्ये तिचं छान वर्णन होतं, साध्या गप्पांच्या आत लपवलेला निरोप, त्याला सरळ बोलण्याच्या चौपट वेळ लागतो, भिंतीवरच्या खुणा वेगळ्या, इथं धोका आहे, इथं माल आहे, हे घर सुरक्षित आहे. आता ती दुर्मिळ भाषांच्या टेबलमधली एक ओळ झालीये. रोगला सोबत आणखी एक भाषा फुकट मिळते हे चांगलं, पण चौपट वेळेचा तो नियम मी आमच्याकडे चालूच ठेवलाय.

आमच्या टेबलवर बाकी काय बदललंय तेही लिहिते, कोणाला उपयोगी पडेल. प्रत्येक भाषेच्या तीन पायऱ्या, तुटकी, कामापुरती आणि घरची. कॉमन सगळ्यांना फक्त कामापुरती, म्हणजे भाव, रस्ता, धमकी, जेवण, झोपायची जागा एवढं आरामात, पण करार, प्रार्थना, शोक आणि प्रेम यासाठी घरची भाषा लागते. समोरच्याशी त्याच्या घरच्या भाषेत बोललात तर पर्सुएजनला (मन वळवायच्या फेकीला) अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे डाइस दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. लिपी वेगळी लिहायची, आणि कोणी शिकवली ते एका ओळीत लिहायचं. विझार्डला लिपी यायलाच हवी, स्पेलबुक आहे. क्लेरिकचं त्याच्या धर्मावर, ग्रंथवाला धर्म असेल तर हो, मौखिक परंपरा असेल तर गरज नाही. बार्डला (गाणी-कथा सांगणाऱ्या क्लासला) मी मुद्दाम विचारते, आणि अक्षर न येणारा, सगळं कंठस्थ असलेला बार्ड हे आमच्याकडचं सगळ्यात जोरदार कॅरेक्टर निघालं, कारण जळालेल्या ग्रंथालयातलं जे होतं ते फक्त त्याच्या डोक्यात शिल्लक होतं. आणि गावात वाचून दाखवणारा एक माणूस ठेवायचा. जुन्या अक्कादी पत्रांची सुरुवातच अशी असते की अमक्याला सांग, म्हणजे पत्र बोलतंय ते आधी वाचणाऱ्या लेखनिकाशी. पार्टीला आलेलं पत्र गावातल्या अशा माणसानं वाचून दाखवलं की आता त्यालाही सगळं माहीत झालं, आणि त्यानं एखादी ओळ गाळली तर कोणाला कळणार?

हे नियम पाळायला अवघड जात नाहीत, शीटवर जास्तीत जास्त चार ओळी वाढतात. एकच सावधगिरी, भाषा येत नाही म्हणून एखादा प्लेयर तासभर गप्प बसलाय असं होऊ द्यायचं नाही, त्याच्यासाठी हातवारे, चित्रं, वस्तूंची देवाणघेवाण असं काहीतरी लगेच पुढे करायचं.

तर भाषा आणि लिपीपुरते गुण द्यायचे तर २०२४ च्या हँडबुकला मी पाचपैकी दोन देईन, एक साइन लँग्वेजसाठी, अर्धा वंशाची बेडी काढली म्हणून आणि अर्धा सिजिलसाठी. बाकी पुस्तक म्हणून ते खूप चांगलं आहे, नवीन खेळणाऱ्यांनी हेच घ्यावं, मांडणी जुन्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. ज्यांच्याकडे २०१४ ची प्रत आहे त्यांनी ती काढून टाकू नका, निदान त्या लिपीच्या कॉलमसाठी आणि अक्षरांच्या तक्त्यांसाठी ठेवा. आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना तो कॉलम फुकटात मिळतो, एसआरडी ५.१ मध्ये (खेळाच्या मूळ नियमांच्या मोफत दस्तऐवजात) भाषांचं जुनं टेबल लिपीसकट आहे आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे, म्हणजे उतरवून घ्या, बदला, तुमच्या जगात ऑर्कना स्वतःची अक्षरं द्यायची असतील तर तीही द्या.